ड्रोन-चित्रण, शेतजमिनीचे

जमिनीवरून नियंत्रित होणाऱ्या, वैमानिकरहित हलक्या विमानातून विस्तृत शेतजमिनीची क्रमवार छायाचित्रे घेऊन त्यांपासून मोजता येण्याजोगा नकाशा तयार करणे व पिकाच्या अवस्थेची माहिती मिळविणे, यास शेतजमिनीचे ड्रोन-चित्रण म्हणतात. मोठ्या विमानातून होणारे हवाई छायाचित्रण आणि कृत्रिम उपग्रहांवरून होणारे दूरस्थ संवेदन या दोन जुन्या पद्धतींच्या मधली ही पद्धत आहे. उपग्रहाइतका विस्तार तिच्या आवाक्यात येत नाही. परंतु ढगांच्या खालून उडता येणे, हव्या त्या दिवशी उडता येणे आणि एकेका बांधीपर्यंतचा तपशील मिळणे, या तीन गोष्टी तिच्यामुळे साध्य होतात. लहान आकाराच्या शेतांत, पावसाळी पिकांत व पूरग्रस्त प्रदेशांत यांचे महत्त्व विशेष आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुक्यात या तिन्ही परिस्थिती एकत्र आढळतात, म्हणून प्रस्तुत नोंदीत उदाहरणे मुख्यत्वे तेथील घेतली आहेत.

इतिहास : नादार या नावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच छायाचित्रकाराने (१८२०–१९१०) १८५८ मध्ये बद्ध फुग्यातून पॅरिसजवळील भूभागाचे छायाचित्र घेतले. तेव्हापासून आकाशातून जमीन टिपण्याचे प्रयत्न सुरू झाले. पहिल्या महायुद्धात विमानातून होणाऱ्या छायाचित्रणाची मोठी वाढ झाली व त्यानंतर ते नकाशे तयार करण्याचे नित्याचे साधन बनले. ‘ड्रोन’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ नर मधमाशी. ब्रिटनमध्ये १९३५ साली नेमबाजीच्या सरावासाठी बनविलेल्या वैमानिकरहित विमानास ‘क्वीन बी’ असे नाव होते, त्यावरून हा शब्द रूढ झाला असे मानतात. शेतीसाठी अशा यंत्राचा पहिला मोठा वापर भातशेतीतच झाला. जपानमधील यामाहा कंपनीने १९८७ मध्ये फवारणीसाठी ‘आर-५०’ हे वैमानिकरहित हेलिकॉप्टर तयार केले. भाताच्या चिखलात यंत्रे शिरू शकत नाहीत, ही अडचण त्यामागे होती.

भारतात पिकाकडे आकाशातून पाहण्याचा आरंभीचा प्रयोग १९७० च्या सुमारास केरळात झाला. नारळाच्या मूळमर रोगाचा शोध घेण्यासाठी पी. आर. पिशारोटी (१९०९–२००२) यांच्या नेतृत्वाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली. पिशारोटी हे त्यापूर्वी पुण्याच्या उष्णदेशीय वातावरणविज्ञान संस्थेचे पहिले संचालक होते. नुसत्या डोळ्यांस हिरवे दिसणारे झाड अवरक्त प्रकाशात रोगट दिसू शकते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. आजच्या ड्रोनवरील बहुवर्णी कॅमेऱ्याचे कार्य याच तत्त्वावर चालते. पुढे १९८८ मध्ये भारताचा ‘आयआरएस-१ए’ हा दूरस्थ संवेदन उपग्रह कक्षेत गेला. महाराष्ट्राचे दूरस्थ संवेदनाचे राज्यस्तरीय केंद्र नागपूर येथे आहे.

ब्रह्मपुरीचा परिसर : ब्रह्मपुरी तालुका चंद्रपूर जिल्ह्याच्या ईशान्य भागात वैनगंगेच्या पश्चिम तीरावर आहे. नदीपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज (वडसा) व आरमोरी हे भाग येतात. जिल्ह्याच्या पश्चिम भागात कापूस व सोयाबीन, तर ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल व सावली या पूर्वेकडील तालुक्यांत भात, अशी ढोबळ विभागणी आहे. सिंदेवाही येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे भात संशोधनाचे केंद्र असून, ‘एचएमटी’ हा वाण निवडणारे दादाजी खोब्रागडे (मृत्यू २०१८) हे नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे होते.

येथील शेताचा घटक म्हणजे बांधी. चारही बाजूंनी मातीच्या धुऱ्याने वेढलेला व पाणी साठवून धरणारा हा तुकडा बहुधा काही गुंठ्यांचाच असतो. उतारावरच्या बांध्यांतून पाणी पायरीपायरीने खाली उतरते. त्याला बोड्यांचा व मालगुजारी काळातील तलावांचा आधार असतो. जून महिन्यात पऱ्हे टाकतात, जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत रोवणी चालते आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून कापणी सुरू होते. काही शेतांत रोवणी न करता आवत्या पद्धतीने बी फेकतात. कापणीपूर्वी उभ्या धानातच लाखोळी किंवा जवस उतेरा म्हणून पेरण्याची जुनी रीत आहे. चित्रांचा अर्थ लावणाऱ्यास हे सर्व ठाऊक असावे लागते. नोव्हेंबरातील चित्रात धानाच्या तणसाखाली दिसणारी हिरवळ उतेऱ्याची असते. बाहेरून आलेला तंत्रज्ञ हटकून तिला न पिकलेले धान समजतो.

पाच गुंठ्यांची बांधी घेतली, तर तिचे क्षेत्र सु. ५०० चौ. मी. होते. ‘सेंटिनेल-२’ या यूरोपीय उपग्रहाच्या प्रतिमेतील सर्वांत लहान घटक १० मी. बाजूचा, म्हणजे १०० चौ. मी.चा असतो. अशा बांधीच्या वाट्यास जेमतेम पाच घटक येतात व त्यांतील बहुतेकांत धुऱ्याचा किंवा शेजारच्या बांधीचा अंश मिसळलेला असतो. शिवाय खरिपात पूर्व विदर्भाचे आकाश आठवडेच्या आठवडे ढगाळ असते. रडार उपग्रह ढगांतून पाहू शकतात व पुराच्या पाण्याचा एकूण पसारा त्यांच्या प्रतिमांत चांगला दिसतो. परंतु कोणाची बांधी बुडाली व कोणाची वाचली, हे त्यांवरून खात्रीने सांगता येत नाही.

उड्डाण व मोजमाप : सर्वेक्षणाचे ड्रोन मुख्यत्वे दोन प्रकारचे असतात. फिरत्या पात्यांचे ड्रोन जागच्या जागी उठते व उतरते, पण एका विद्युत् घटात साधारणपणे २० ते ४० मिनिटेच उडते. स्थिरपंखी ड्रोन तासभर किंवा अधिक काळ उडते. मात्र त्यास उतरण्यासाठी मोकळी जागा लागते, आणि पावसाळ्यात भाताच्या प्रदेशात ती सहसा मिळत नाही. फवारणीचे ड्रोन हा निराळा प्रकार होय. महिला बचत गटांना ड्रोन देण्याची केंद्र शासनाची २०२३ ची योजना प्रामुख्याने त्याच्याशी संबंधित आहे.

चित्रात किती बारीक तपशील दिसेल, हे उड्डाणाची उंची, भिंगाचे केंद्रांतर व संवेदकावरील घटकाचा आकार यांवर ठरते. संवेदकाचा घटक २.४ मायक्रॉन, केंद्रांतर ८.८ मिमी. आणि उंची १०० मी. असेल, तर चित्रातील एक घटक जमिनीवरील २.७ सेंमी. बाजूच्या चौरसाएवढा असतो. म्हणजे वरील पाच गुंठ्यांच्या बांधीचे जवळजवळ पावणेसात लाख घटक मिळतात. संवेदकावर घटकांच्या ५,४७२ × ३,६४८ ओळी असल्यास एका छायाचित्रात सु. १४९ × ९९ मी. भूभाग मावतो.

सुटी छायाचित्रे मोजणीस उपयोगी नसतात. पुढचे छायाचित्र मागच्यावर सु. ७५ टक्के व शेजारची पट्टी आधीच्या पट्टीवर सु. ७० टक्के येईल, अशा बेताने उड्डाण आखावे लागते. कारण एकच धुरा अनेक कोनांतून दिसल्याशिवाय त्याचे स्थान व उंची काढता येत नाही. या हिशेबाने छायाचित्रांत २५ मी. व पट्ट्यांत ४५ मी. अंतर पडते. १०० हेक्टरांचा, म्हणजे १ किमी. बाजूचा चौरस टिपण्यास २३ पट्ट्या, सु. २३ किमी. उड्डाण व ९०० हून अधिक छायाचित्रे लागतात. सेकंदाला ८ मी. वेगाने हे काम वळणांसह तासाभराचे आहे व त्यास दोन-तीन विद्युत् घट लागतात. छायाचित्राचा उघडझाप काल सेकंदाचा एक हजारांश ठेवल्यास त्या अवधीत ड्रोन ८ मिमी. सरकते व चित्र स्पष्ट येते. ढगाळ हवेत प्रकाश कमी म्हणून हा काल दोनशेअंश केला, तर ते ४ सेंमी. सरकते आणि चित्र पुसट होते. अशा वेळी वेग कमी करावा लागतो व एका दिवसात होणारे क्षेत्र घटते.

चलत्‌चित्रणाचा मोह येथे टाळावा. पुराची चित्रफीत पाहणाऱ्याच्या मनावर परिणाम करते, परंतु तिच्यातील चौकटी तिरप्या कोनातून घेतलेल्या असतात, त्यांची स्थाननोंद अपुरी असते व तीवरून क्षेत्रफळ काढणे कठीण जाते. मोजणीसाठी सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याची स्थिर छायाचित्रेच घ्यावीत.

संगणकावर ही छायाचित्रे छायाचित्रमितीच्या पद्धतीने जोडून, वरून काटकोनात पाहिल्याप्रमाणे दुरुस्त केलेले अखंड जोडचित्र तयार करतात. त्याचबरोबर भूपृष्ठाच्या उंचसखलपणाचे प्रतिमानही मिळते व त्यात हातभर उंचीचे धुरेदेखील ओळखता येतात. जोडचित्रास खऱ्या भूमीवर बसविण्यासाठी शेतात ठळक खुणा मांडून त्यांचे स्थान उपग्रहीय स्थाननिश्चितीच्या उपकरणाने मोजतात, किंवा ड्रोनवरच असे उपकरण बसवून त्याची नोंद भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संदर्भ स्थानकांशी जुळवितात. पाण्याने भरलेल्या भातशेतीत एक खास अडचण येते. छायाचित्रे जोडण्यास संगणकाला दोहोंत समान अशा ठळक खुणा लागतात. शांत पाण्यावर त्या नसतात, आणि असलेली चमक प्रत्येक छायाचित्रात जागा बदलते. त्यामुळे रोवणीनंतरच्या किंवा पुराच्या जोडचित्रात मधेच भोके पडतात अथवा धुरे वाकडे दिसतात. सूर्य डोक्यावर असताना उड्डाण टाळणे, पट्ट्या अधिक दाट ठेवणे व ड्रोनवरील स्थाननोंदीवर भर देणे, हे त्यावरचे उपाय होत.

पिकाची अवस्था : निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते व निकट अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंतील फरकास त्यांच्या बेरजेने भागले असता जो अंक मिळतो, त्यास वनस्पती निर्देशांक म्हणतात. तो जितका १ च्या जवळ, तितके पीक हिरवे व दाट. भातात त्याचा अर्थ जपून लावावा लागतो. रोवणीनंतर दोन-तीन आठवडे रोपांपेक्षा पाणीच अधिक दिसत असल्याने अंक खोटा कमी येतो. उलट, पीक दाटल्यावर तो एका मर्यादेपुढे वाढत नाही व चांगल्या आणि उत्तम पिकातील भेद त्यात उमटत नाही. तेव्हा तांबड्या व अवरक्त यांच्या सीमेवरील पट्ट्याचा उपयोग करतात. प्रत्येक उड्डाणापूर्वी व नंतर ठराविक परावर्तनाच्या फलकाचे छायाचित्र घेतले नसेल, तर दोन दिवसांच्या अंकांची तुलना निरर्थक ठरते.

रोगकिडींपैकी तुडतुड्यांचा प्रादुर्भाव वरून सर्वांत सहज ओळखता येतो. पिकात मधेच करपल्यासारखे गोल पट्टे पडतात. धुऱ्यावरून चालणाऱ्या शेतकऱ्यास ते उशिरा दिसतात. वरून पाहता ते लगेच उठून दिसतात. खोडकिड्याची पांढरी लोंबी किंवा कडा करपा यांचे निदान मात्र शेतात उतरल्याशिवाय करू नये. आकाशातून जागा कळते, कारण कळत नाही.

पूर आणि नुकसान : ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टीनंतर भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडण्यात आले आणि वैनगंगेला मोठा पूर आला. ब्रह्मपुरी तालुक्यातील नदीकाठची अनेक गावे पाण्याने वेढली गेली. चहूबाजूंनी नदीचे पात्र असलेले लाडज हे त्यांपैकी एक. रोवणी आटोपून धान फुटव्यावर आलेले असताना हे पाणी शेतांत शिरले.

अशा प्रसंगी ड्रोनने घेतलेल्या चित्रात पाणी किती दूर पसरले ते नेमके दिसते, परंतु नुकसान किती झाले ते दिसत नाही. धान हे पाण्यातलेच पीक आहे. फुटव्याच्या अवस्थेत दोन-तीन दिवस बुडालेले रोप पुन्हा उभारी धरू शकते. निसवण्याच्या वेळी तेवढेच पाणी पीक नासवून टाकते. बुडीत सहन करणारा ‘स्वर्णा-सब१’ हा २००९ मध्ये प्रसारित झालेला वाण तर सु. दोन आठवडे टिकाव धरतो. पाणी वाहते होते की साचलेले, स्वच्छ होते की गाळाचे, किती दिवस राहिले, यांवर अंतिम परिणाम ठरतो. पिकावर बसलेला गाळाचा थर पाणी ओसरल्यावरच कळतो. म्हणून किमान दोन उड्डाणे हवीत : पहिले पाणी असताना, त्याची कड टिपण्यासाठी, दुसरे पाणी ओसरल्यानंतर आठ-दहा दिवसांनी, कोणत्या बांध्या पुन्हा हिरव्या झाल्या ते पाहण्यासाठी. पुरापूर्वीचे चित्र हाती असल्यास तुलना निर्णायक होते, परंतु ते घेऊन ठेवण्याची तजवीज क्वचितच केली जाते. पहिल्या उड्डाणाची संधीही थोडीच असते. पाऊस पडत असताना बहुतेक ड्रोन उडविता येत नाहीत व जोराच्या वाऱ्यात चित्रण बिघडते. तेव्हा उघडीप मिळताच कड टिपण्याची तयारी आधीच असावी लागते.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. आपत्ती निवारण निधीतून मदत मिळण्यास पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान सिद्ध व्हावे लागते; ही मर्यादा २०१५ पूर्वी ५० टक्के होती. पंचनामे पाणी ओसरल्यावर होतात, तोवर कड पुसली गेलेली असते आणि धुऱ्यावरचे माणूस व तलाठ्याची वही एवढाच आधार उरतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भाताच्या शेतात पाणी शिरल्याने होणारे नुकसान स्थानिक आपत्तीच्या सदरातून २०१८ मध्ये वगळण्यात आले. बुडालेल्या पिकाचे मूल्यमापन अवघड असते, हे त्यामागचे एक कारण होते. ते कारण खरे होते, पण त्याचा भार पडला तो नदीकाठच्या धान उत्पादकावर. गावाच्या सरासरी उत्पन्नावर आधारित भरपाईत उंचावरच्या वाचलेल्या बांध्या काठच्या बुडालेल्या बांध्यांना झाकून टाकतात. हे संरक्षण २०२६ च्या खरिपापासून पुन्हा देण्याचा व त्याबरोबर वन्य प्राण्यांकडून होणाऱ्या पीकहानीचाही समावेश करण्याचा निर्णय केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. तथापि महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून स्थानिक आपत्तीसारखी जोड संरक्षणे वगळून पीक कापणी प्रयोगांवर आधारित भरपाईच ठेवली होती. त्यामुळे केंद्राच्या निर्णयाचा लाभ येथील शेतकऱ्यास मिळणे राज्याच्या अधिसूचनेवर अवलंबून राहते. अवघड म्हणून सोडून दिलेले बुडीत पिकाचे मूल्यमापन दोन उड्डाणांच्या पद्धतीने बऱ्याच अंशी साधते. ड्रोन-चित्रणाचा या भागातील सर्वांत महत्त्वाचा उपयोग हाच म्हणावा लागेल.

विमा योजनेत तंत्रज्ञानाचा शिरकाव दुसऱ्या बाजूनेही झाला आहे. ग्रामपंचायत पातळीवर उत्पन्नाचा अंदाज करण्यासाठी १०० जिल्ह्यांत ड्रोन वापरण्यास केंद्रीय कृषी मंत्रालयास फेब्रुवारी २०२१ मध्ये परवानगी मिळाली. भात व गहू यांच्या उत्पन्नाच्या आकड्यात दूरस्थ संवेदनावर आधारित अंदाजास ३० टक्के भार देण्याची पद्धत २०२३ च्या खरिपापासून सुरू झाली. कापणी प्रयोगांच्या आकड्यांवर सर्वत्र संशय घेतला जातो, म्हणून हे पाऊल योग्यच होय. परंतु अंदाजाचे सूत्र शेतकऱ्यास समजत नाही, आणि न समजणाऱ्या आकड्यास हरकत घेणे त्याला तलाठ्याच्या आकड्यास हरकत घेण्यापेक्षा कठीण जाते. बांधीचे चित्र मात्र कोणासही वाचता येते. गावाचे जोडचित्र चावडीवर लावले, तर शेतकरी आपली बांधी, बोडी व मोहाचे झाड ओळखून चूक तेथल्या तेथे दाखवू शकतो.

हद्द व नकाशा : ड्रोन-चित्रात धुरा दिसतो, हद्द दिसत नाही. कायदेशीर हद्द गट नकाशावर असते आणि दोहोंत अंतर असणे नवलाचे नाही. धुरे दरवर्षी कोरले जातात, पुराने वाहून जातात, झाडांखाली झाकले जातात. राज्यात ड्रोनने भूमापन करण्याचा आरंभ पुणे जिल्ह्यातील सोनोरी (ता. पुरंदर) येथे झाला व २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली, परंतु या दोन्ही उपक्रमांचा संबंध गावठाणातील घरजागांशी आहे, शेतजमिनीशी नाही. चित्र व गट नकाशा एकमेकांवर ठेवून कोणाचे किती क्षेत्र बुडाले ते काढताना ही बाब ध्यानात घ्यावी लागते. पीक कोणते होते हे ठरविण्यास ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतील नोंदीचा आधार मिळतो.

नियमन : भारतात नागरी ड्रोनांवर ऑक्टोबर २०१४ पासून जवळजवळ बंदीच होती. १ डिसेंबर २०१८ पासून परवानगीची पद्धत आली आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी ती बरीच सुलभ केली. वजनाप्रमाणे ड्रोनांचे वर्ग पाडले असून, हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत (सु. १२० मी.) पूर्वपरवानगीशिवाय उडता येते. विस्तृत क्षेत्राच्या चित्रणास ही उंचीच व्यवहारात मर्यादा घालते. कारण उंची दुप्पट करता आली असती, तर पट्ट्या निम्म्यावर आल्या असत्या. ब्रह्मपुरीच्या भोवती वनक्षेत्र आहे व २०१८ मध्ये घोषित झालेले घोडाझरी अभयारण्य जवळच आहे. संरक्षित वनावरून उडण्यास वन विभागाची संमती घ्यावी लागते. वनालगतच्या बांध्यांत रानडुकरांनी लोळवलेले धान चित्रात वेड्यावाकड्या पट्ट्यांच्या रूपाने दिसते. वाऱ्याने लोळलेले धान एकाच दिशेला पडलेले असते, त्यावरून बहुधा दोहोंतील फरक करता येतो. अशा जागी पावलांचे ठसे पाहण्यासाठी शेतात उतरताना वाघाचा वावर लक्षात घेऊन एकट्याने जाऊ नये, आणि उड्डाणही वाघाची चाहूल असलेल्या शेतावर खालून करू नये. ड्रोनच्या आवाजाने बिथरलेले जनावर जवळ निंदण किंवा कापणी करणाऱ्यांच्या दिशेने निघण्याचा धोका असतो.